गाडी चालूच होती

"चालू करा म्हटलं ना," मी दुसऱ्यांदा ओरडलो, तेव्हा शोरूमच्या पुष्पांजलीबाई खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "काका, चालूच आहे." मी बॉनेट उघडून आत वाकलो होतो. लाकडी मुठीचा पेचकस कानामागच्या हाडाला टेकवलेला, त्याचं टोक आतल्या कुठल्याशा काळ्या डब्यावर, डोळे मिटलेले. अशा आसनात, इंजिनाची धडधड ऐकत, मी एसटीच्या आगारात चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावरही मेहकर-डोणगाव पट्ट्यात कुणी जुनी जीप, टेम्पो, ट्रॅक्टर घ्यायचा म्हटला की आधी माझ्या दारी यायचा. इंद्रभानभाऊनं पेचकस लावला का, एवढंच लोक विचारायचे. लावला आणि मी मान हलवली की विसार दिला जायचा. आता माझ्याच दारात, गल्लीतली चार माणसं बघत असताना, मी एका चालू गाडीला चालू कर म्हणून ओरडलो होतो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पुष्पांजलीबाई रुमालानं मान पुसत राहिल्या आणि माझी मुलगी सारिका जमिनीकडे पाहत उभी राहिली. तिचं ते खाली पाहणं मला आवडलं नाही.

पेचकस खिशात घातला आणि गाडीकडे नीट पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं. पिस्त्याचा रंग, आखूड अंग, आणि उंच टाचांचे बूट घालून मिरवणाऱ्या बुटक्या माणसासारखी ऐट. हिला एसयूव्ही म्हणायचं म्हणे. चार चाकांवर काळ्या प्लॅस्टिकच्या भुवया काढल्या की झाली एसयूव्ही. बॉनेटखाली पुढच्या बाजूला एक रिकामं टोपलं होतं, त्यात सामान ठेवता येतं असं बाईंनी कौतुकानं सांगितलं. म्हणजे जिथं इंजिन हवं तिथं जेवणाचा डबा. स्टेपनी नाही, तिच्याऐवजी हवा भरायचा पंप आणि कसल्याशा डिंकाची बाटली. किल्ली नाही, गिअर नाही, सायलेन्सर नाही, आणि मधोमध हा एवढा टीव्ही. एका चार्जिंगमध्ये किती जाते विचारलं तर कागदावरचा आकडा निराळा, बाईंच्या तोंडचा निराळा, आणि एसी लावून चार माणसं बसवली की तिसराच. ज्या वस्तूला स्वतःचा एक आकडा सांगता येत नाही तिची किंमत मात्र पै न् पै ठरलेली. मी दारावर बोटाची पेरं वाजवून पाहिली. चांगला पत्रा टणकन उत्तर देतो. या पत्र्यानं उत्तरच दिलं नाही.

"खेळणं हाय हे," मी म्हणालो. "जत्रेत चावी देऊन पळवतेत ना, तसं. त्याले निदान चावी तरी राहते."

"बाबा, पाह्यल्याशिवाय नावं नका ठेवू. एक चक्कर तर मारू," सारिका म्हणाली.

दारातून कलाबाईचा, माझ्या बायकोचा, आवाज आला. ती माझ्याशी बोलते तेव्हा भांडल्यासारखीच बोलते, त्यामुळे ती मला नीट समजते. "पोरगी पुन्हा पडन तवा हो म्हणसान काय?"

सारिका दुसरबीडच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. सुलतानपूर, बिबी करत रोज स्कूटीवर जाते, स्कूटीवर येते. मागच्या पावसाळ्यात बिबीच्या अलीकडे एका ट्रकनं तिला रस्त्याखाली घातलं. उजव्या मनगटात स्टीलची पट्टी बसवावी लागली, आणि चार महिने तिच्या हाताला सुई धरवत नव्हती. तिचा पगार तिचा, हात तिचा, रस्ता तिचा. गाडी घ्यायला तिला माझी गरज नव्हती. पण शाळेतली पहिली सायकल घेतली तेव्हा मी तिचं पुढचं चाक फिरवून, कान लावून, मग हो म्हटलं होतं, आणि तेव्हापासून आमच्या घरात चाक असलेली कोणतीही वस्तू माझ्या 'हो'शिवाय आलेली नाही. "तुमच्या तोंडून हो आलं तरच बुकिंग करीन," असं तिनं सकाळी स्वच्छ सांगितलं होतं. संध्याकाळी तिला शोरूमला कळवायचं होतं. नाही म्हटलं तर ती उद्या पुन्हा स्कूटीला किक मारणार. आणि हो म्हणायचं तर कशाच्या जोरावर म्हणायचं? या गाडीत मला ऐकण्यासारखं काही नव्हतं. न ऐकता मान हलवणारा इंद्रभान आणि शोरूमच्या दारात वाऱ्यानं डोलणारा तो फुग्याचा माणूस, यांत मग फरक काय राहिला?

मी पुढच्या सीटवर बसलो. सारिकानं स्टिअरिंग धरलं, बाई मागे. गाडी हलली तीही कळली नाही, शेजारच्या घराची भिंत मागे सरकायला लागली तेव्हा कळलं. आमच्या आगारात पहाटेच्या साडेपाचला जेव्हा बारा-पंधरा गाड्या एकदम सुरू व्हायच्या तेव्हा पायाखालची जमीन थरथरायची. त्या गोंगाटात मी कोपऱ्यातल्या गाडीकडे बोट दाखवून सांगायचो, हिचं तिसरं नोझल गेलं. ड्रायव्हर खोटं ठरवायला जायचे आणि मान खाली घालून परत यायचे. खड्ड्यात उतरून डोक्यावर इंजिन चालू ठेवून मी वर्षानुवर्षं काम केलं. कानात बोळे घाला म्हणून साहेब सांगायचे. कानात बोळे घालून ऐकायचं कसं, असं मी विचारायचो, आणि साहेब बोळ्यांची पुडी माझ्या हातात कोंबून निघून जायचे. साहेब लोकांविषयी माझं मत तेव्हापासूनचं आहे. त्या वेळी वस्तूंना आवाज होता, माणसांनाही होता. आता सगळ्याचाच कस उतरला आहे. नवा कुकर आणला, तो शिट्टी मारत नाही, नुसता वाफ सोडतो. टीव्हीचा आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेला तरी बातम्या देणारी बाई पुटपुटते. मोबाइल तर खिशात वाजतो की नुसता थरथरतो तेच कळत नाही, म्हणून मी तो तीनदा दुकानदाराच्या तोंडावर नेऊन आपटला. आणि तरुण माणसं! तोंड उघडायचेही यांना कष्ट. दातांच्या आतल्या आत बोलायचं आणि समोरच्यानं पुन्हा विचारलं की त्याच्याकडे दयेनं पाहायचं. मला असल्या माणसांचा कंटाळा येतो. म्हणून मी हल्ली फारसं कुणाला विचारत नाही, माझंच सांगतो.

"काका, बेल्ट," मागून बाई म्हणाल्या. त्या बहुधा दुसऱ्यांदा म्हणाल्या असाव्यात, कारण त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. "गाडी केव्हाची सांगते आहे." गाडी काय सांगते ते मला दिसत नव्हतं. मी बेल्ट लावला. आता गाड्याही माणसाला शिकवायला लागल्या होत्या.

सारिकानं गाडी डोणगावच्या रस्त्याला घातली, तेव्हा मी म्हणालो, दुसरबीडकडे घे, रोजचा रस्ता तो आहे. ती म्हणाली, तिकडे गर्दी आहे, इकडे गाडीची ओढ पाहता येते. या रस्त्यावर मी अकरा महिन्यांत आलो नव्हतो आणि का आलो नव्हतो ते सांगायची माझी इच्छा नव्हती. गावाबाहेर पडल्यावर तिनं पाय दाबला. पाठ सीटला चिकटली. पोटातून एक कळ गेली, लहानपणी झोका वरून खाली येताना जाते तशी, आणि मला हसू आलं. खरंच आलं. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. गव्हाची वावरं झपाझप मागे जात होती. जी गाडी घाम न गाळता एवढी पळते तिच्यावर विश्वास ठेवायचा कसा? इंजिन दमतं, खोकतं, तक्रार करतं, म्हणून आपल्याला त्याची नाडी कळते. ही दमते कुठं, दुखतं कुठं, हे कुणाला कळणार? टीव्हीवर एक पिवळा दिवा लागेल आणि आपण फोन लावून बसायचं.

अंजनीचा फाटा आला आणि मी डोळे मिटून घेतले. पुंजाजीचा टेम्पो इथंच बंद पडला होता. पुंजाजी डोणगावचा, मंडप-डेकोरेशनचं सामान भाड्यानं देणारा. बांबू, कनाती, मोठी पातेली. कुणाच्या तरी ट्रॉलीतून सामान वाहून वाहून कंटाळला आणि एक जुना डिझेल टेम्पो घ्यायला निघाला. मला न्यायला स्वतः आला. जाताना वाटेत मला भजी खाऊ घातली. मी पेचकस लावला, डोळे मिटले, हाडाला छान थरथर लागली. "घे," मी म्हणालो. "दहा वर्षं हात लावायचं काम नाही." पंचविसाव्या दिवशी, भर एप्रिलात, मंडपाचं सगळं सामान भरून चाललेला टेम्पो या फाट्यावर जाम झाला. बेरिंग गेलं, कनेक्टिंग रॉडनं इंजिनाच्या पोटाला भोक पाडलं. तिकडे लग्नघरी वऱ्हाड उन्हात उभं राहिलं. नवरीच्या बापानं येऊन पुंजाजीची गचांडी धरली. मला बोलावणं आलं तेव्हा मी नुसतं ते भोक पाहिलं आणि म्हणालो, "इंजिनात तेल नसन टाकलं तू." पुंजाजी म्हणाला, "टाकलं होतं हो भाऊ. सकाळीच पाह्यलं." एवढंच म्हणाला. तो भांडला असता तर कदाचित मी विचार केला असता. पण तो माझ्या शब्दापुढे गप्प राहिला आणि मला वाटलं, चोर गप्पच राहतो. नंतर डोणगावच्या स्टँडवरच्या हॉटेलात दहा माणसांत मी सांगितलं की ज्याला तेल मोजायची कांडी पाहता येत नाही त्यानं इंजिनाच्या भानगडीत पडू नये. लोकांना नाव ठेवायला निमित्तच हवं असतं. बिनतेल्या. बिनतेल्या पुंजाजी. महिन्याभरात त्याचं खरं आडनाव लोक विसरले. ज्याची गाडी वेळेवर पोचत नाही त्याचा मंडप कोण सांगणार? आता तो दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू रोजानं उचलतो असं ऐकलं होतं. मला त्याची दया आली नव्हती. निष्काळजी माणसाचा मला मनापासून तिटकारा आहे.

डोणगाव जवळ आलं तेव्हा एका पुलाचं काम चाललं होतं आणि एकच गाडी जाईल एवढी वाट ठेवली होती. समोरून पाण्याचा टँकर आला. सारिका गाडी मागे घ्यायला लागली. काचेतून मी मागे पाहिलं. एक म्हातारी चार शेळ्या घेऊन नेमकी गाडीच्या मागे आली होती, ती लगबगीनं बाजूला झाली. आणि मला एकदम माझं उत्तर सापडलं. इतक्या वेळात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

"हे पाह्य," मी म्हणालो. "ती बुढी मेलीच असती ना आता. गाडी मागं येऊन राह्यली हे तिले कसं समजन? मुकी गाडी. जीव घेन एखाद्याचा. नाही घ्यायची ही. झालं."

सारिकानं गाडी थांबवली. टँकर धूळ उडवत निघून गेला. ती माझ्याकडे वळली आणि तोंड माझ्यासमोर आणून सावकाश म्हणाली, "बाबा, ते वाजून राह्यलं होतं ना. मागं घेताना वाजते ती."

"काय वाजते?"

तिनं बटण फिरवून गाडी पुन्हा मागे घ्यायच्या तयारीत ठेवली, ब्रेक दाबून. "हे. आता वाजून राह्यलं."

मी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मी उतरलो आणि मागे गेलो. गाडीच्या ढुंगणाशी उभा राहिलो, मग वाकलो, मग गुडघ्यावर बसलो. रस्त्याच्या कडेला त्या चार शेळ्या कान टवकारून गाडीकडे पाहत होत्या. चारही. म्हातारीसुद्धा नाक मुरडून पाहत होती, त्या पिरपिरीचा तिला त्रास होत असावा. मी खिशातून पेचकस काढला, टोक बंपरवर ठेवलं, मूठ कानामागे दाबली. दुखेपर्यंत दाबली. हाडाला बारीकशी थरथर लागली. बाकी काही नाही. शेळ्यांना ऐकू येत होतं आणि मला येत नव्हतं.

सारिका शेजारी येऊन उकिडवी बसली. "मले माहीत हाय बाबा," ती म्हणाली. "कुकर तीन-तीन शिट्ट्या देते आन् तुम्ही आईले म्हणता कुकर बिघडला."

"कवापासून?"

"दोन वर्षं होऊन राह्यले. जास्तच असन."

दोन वर्षं. पुंजाजीच्या टेम्पोला अकरा महिने. मी ती वजाबाकी मनात तीनदा केली आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. त्या दिवशी टेम्पोचं बेरिंग ठोकत असणार. गल्लीतल्या पोराटोरांनासुद्धा ऐकू आलं असेल. मी डोळे मिटून मोठ्या तोऱ्यात उभा राहिलो होतो, आणि मी उभा आहे म्हणून कुणी काही बोललं नसेल. हाडाला थरथर लागली तिलाच मी ऐकणं समजलो. साहेब, दुकानदार, बातम्यांची बाई, तरुण माणसं, एवढ्यांना नावं ठेवत मी दोन वर्षं घालवली, आणि त्यांतल्या कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं. मला लाज वाटली. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती लपवायला त्या उघड्या रस्त्यावर जागा नव्हती.

"मंग मले कशाले विचारलं?" मी म्हणालो. "बहिऱ्या माणसाले?"

"तुम्हाले सोडून कोणाले विचारू?" सारिका म्हणाली. ती रडत नव्हती, चिडली होती. "दवाखान्यात चला म्हणून मी पाच वेळा म्हटलं. तुम्ही म्हणता, लोकच तोंडात बोलतेत."

मी उठलो. गुडघ्यांची धूळ झटकली. "डोणगावात घे," मी म्हणालो. "स्टँडवर."

स्टँडवरच्या हॉटेलासमोर एका ट्रॉलीत बांबू भरायचं काम चाललं होतं. पुंजाजी वाळला होता. अंगातला सदरा खांद्यावर फाटलेला, डोक्याला टॉवेल. बाकावर तीच ती माणसं बसली होती, मी बोललो होतो तेव्हाची, किंवा तसलीच. पिस्त्याच्या रंगाची गाडी पाहून सगळ्यांनी माना वळवल्या. मी उतरलो तेव्हा पुंजाजीनं बांबू खाली ठेवला आणि हात जोडले. त्यानं हात जोडले याचा मला राग आला. शिवी द्यायला पाहिजे होती.

"पुंजाजी," मी म्हणालो. माझा आवाज मोठाच असतो, आज तो का मोठा असतो ते मला माहीत होतं. "तुह्या गाडीत तेल होतं."

त्याला काही उमगलं नाही. बाकावरच्या एकाचा चहाचा कप तोंडाशी थांबला.

"तेल होतं. बेरिंग आधीच गेलेलं होतं, मले ते आयकूच आलं नाही. माह्ये कान गेले हायेत. मी न आयकता मान हलवली, आन् मंग या बाकावर बसून तुले बदनाम केलं." बाकाकडे वळून मी म्हणालो, "आयकलं का सगळ्यांनी? आजपासून त्याले कोणी बिनतेल्या म्हटलं तर माह्याशी गाठ हाय."

कोणी काही बोललं असेल तर मला कळलं नाही. पुंजाजी माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंदही नव्हता आणि रागही नव्हता. अकरा महिने त्यालाही कधी कधी वाटलं असेल की खरंच आपण तेल पाहायला विसरलो की काय, आणि आता ते वाटणं कुठं ठेवावं हे त्याला समजत नसावं. मी खिशातला पेचकस काढून त्याच्यापुढे धरला. "पोरीले ही गाडी घ्यायची हाय. हो म्हणू का नाही म्हणू, मले समजून नाही राह्यलं. तू बसून पाह्य. तू सांगशील ते."

पेचकस त्यानं घेतला नाही. टॉवेलनं हात पुसले, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि पुढच्या सीटवर, माझ्या जागी, अंग चोरून बसला. सारिकानं गाडी पेट्रोल पंपापर्यंत नेली आणि फिरवून आणली. मी ट्रॉलीपाशी उभा होतो. गाडी परत येऊन माझ्या अगदी जवळ उभी राहिली तरी मला ती दिसली तेव्हाच कळली. पुंजाजी उतरला. बॉनेटवरून तळहात फिरवला, खाली वाकून चाकाकडे पाहिलं, आणि मग उभा राहून मला काहीतरी सांगू लागला. चांगलं लांब सांगत होता. मिशांआड त्याचे ओठ हलत होते, बाकावरची माणसं माना डोलवत होती, मागे सारिका कान देऊन ऐकत होती. कालपर्यंतचा मी असतो तर त्याला म्हणालो असतो, तोंडात काय धरलं आहेस, नीट बोलता येत नाही का?

मी त्याच्या आणखी जवळ गेलो.

"मोठ्यानं बोल पुंजाजी," मी म्हणालो. "मले आयकू येत नाही."